विणकर आणि सुतार

वुडी वुडपेकरचं कार्टून आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेलं आहे. तो लाल तुऱ्याचा, खिंकाळल्यासारखा हसणारा, चोचीने समोरच्याचं घरदार पोखरून ठेवणारा पक्षी! कार्टून आहे, वाढवून सांगणारच, असं आपण म्हणतो. पण १८०९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या विल्मिंग्टन गावात एका सुतार पक्ष्याने खाणावळीच्या खोलीची भिंत तासाभरात खरोखर फोडली होती, आणि त्याचा रीतसर पंचनामा लिहून ठेवणारा माणूस त्याच खोलीत उतरला होता. त्याचं नाव अलेक्झांडर विल्सन. अमेरिकन पक्षिशास्त्राचा जनक.

जनक वगैरे म्हटलं की डोळ्यांसमोर दाढीवाला प्रोफेसर येतो. विल्सन कुठल्याच कॉलेजात गेलेला नव्हता. तो मूळचा अमेरिकन पण नव्हता. तो होता स्कॉटलंडमधला विणकर, फेरीवाला, कवी आणि (हे लपवण्यात अर्थ नाही) जेलमध्ये जाऊन आलेला माणूस.

६ जुलै १७६६ ला पेझली गावात त्याचा जन्म झाला. पेझली म्हणजे मागांचं गाव. आपल्याकडे इचलकरंजीला जसा घराघरातून खटखट आवाज येतो तसंच, फक्त हातमागाचा. वडील पण विणकर. मुलाने चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावं अशी घरच्यांची फार इच्छा होती. पण विल्सन दहा वर्षांचा असताना आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, घरात तोंडं वाढली आणि शिक्षण सुटलं. तेराव्या वर्षी त्याला बहिणीच्या नवऱ्याकडे विणकाम शिकायला बसवलं. आपण आठवीत असतो त्या वयाला!

त्याला माग अजिबात आवडत नसे. बसून बसून पाठ मोडायची, पैसे कमी, आणि बाहेर ऊन पडलेलं असलं तरी आत अंधार. म्हणून मग त्याने गाठोडं पाठीवर टाकलं आणि खेडोपाडी कापड विकत फिरायला सुरुवात केली. फिरता फिरता कविता करायचा. आम्हाला शाळेत रॉबर्ट बर्न्स होता, विल्सनचं नाव कुणी काढलं नाही. पण १७९२ मध्ये विल्सनची एक विनोदी कविता निनावी छापली गेली, तेव्हा ती बर्न्सचीच असणार असं लोक धरून चालले होते. नवरा-बायकोच्या भांडणावरची ती कविता रस्त्यांवर धडाधड विकली गेली. कवीच्या हातात काही विशेष पडलं नाही, ते नेहमीचंच.

त्याच वर्षी त्याचं गाडं घसरलं. पेझलीत तेव्हा गिरणीमालक आणि विणकर यांच्यात धुसफूस चालू होती. एक मालक मापात लबाडी करून मजुरांना लुबाडतो, अशा अर्थाची एक झणझणीत कविता विल्सनने लिहिली. इथवर ठीक. पण पाच गिनी द्या, नाहीतर कविता छापतो, अशा आशयाचं पत्र त्या मालकाला गेलं. आता याला साध्या मराठीत खंडणी म्हणतात. त्याचे काही चरित्रकार हा भाग घाईघाईने उरकतात, पण मला वाटतं तो आहे तसा सांगायला पाहिजे. कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, दंड भरायला पैसे नव्हते म्हणून तुरुंगात टाकलं, आणि १७९३ मध्ये गावाच्या भर चौकात, तुरुंगाच्या पायऱ्यांवर, त्याच्याच हाताने ती कविता जाळायला लावली. सगळं गाव बघत होतं.

त्यानंतर त्या गावात राहणं शक्य नव्हतं. काटकसर करून त्याने बोटीच्या तिकिटाचे पैसे जमवले आणि मे १७९४ मध्ये सोळा वर्षांच्या भाच्याला बरोबर घेऊन अमेरिकेचं जहाज पकडलं. जहाज गच्च भरलेलं होतं, त्यामुळे त्याने डेकवर झोपून अटलांटिक पार केला. जुलैमध्ये डेलावेअर नदीकाठी न्यू कॅसलला उतरला, तेव्हा खिशात काही नाणी आणि खांद्यावर बंदूक. तिथून फिलाडेल्फियाला तो चालत निघाला. वाटेत जंगलात त्याला एक पक्षी दिसला. डोकं आणि मान पूर्ण लालभडक, पोट पांढरंशुभ्र, पंख काळे-पांढरे. इतका सुंदर पक्षी त्याने जन्मात पाहिला नव्हता. आणि त्याने काय केलं? गोळी घातली!

हा लाल डोक्याचा सुतार पक्षी. रेड-हेडेड वुडपेकर. अमेरिकेतला त्याचा पहिला पक्षी हाच, असं त्याच्या मित्राने लिहिलेल्या चरित्रात आहे. गोळी घातली हे आज वाचताना खटकतं. पण तेव्हा ना दुर्बीण सहज मिळायची, ना कॅमेरा होता. पक्षी नीट पाहायचा तर हातात घ्यावा लागे, आणि हातात यायला तो मरावा लागे. विल्सनचं सगळं पुढचं काम याच अटीवर झालं.

पुढची आठ वर्षं मी पटकन सांगते, कारण त्यात नोकऱ्या बदलण्यापलीकडे फारसं काही नाही. तांब्याच्या प्लेटवरून छपाई, पुन्हा माग, पुन्हा फेरी, मग शाळामास्तरकी. शिकवता शिकवता गणित आणि सर्वेक्षण स्वतःच पुस्तकातून शिकला. (आपल्याला लेव्हलिंगचं प्रॅक्टिकल सर उभे राहून शिकवतात तरी रीडिंग जुळत नाही!) १८०२ मध्ये फिलाडेल्फियाजवळ ग्रेज फेरी इथल्या शाळेत तो लागला, आणि शेजारी होती विल्यम बार्ट्रम या वयस्क निसर्गअभ्यासकाची बाग. बार्ट्रमने त्याला पुस्तकं दिली, पक्ष्यांची नावं सांगितली, चित्रं काढायला लावली. विल्सन तेव्हा छत्तीस वर्षांचा. शाळा सुटली की रात्री मेणबत्तीच्या उजेडात तो घुबडं, चिमण्या काढायचा आणि ती इतकी वाईट यायची की त्याला स्वतःलाच लाज वाटायची. पण सोडलं नाही. वर्षभरात त्याने ठरवून टाकलं, या देशातल्या सगळ्या पक्ष्यांचं चित्रांसकट पुस्तक करायचं.

१८०४ च्या हिवाळ्यात तो नायगाराचा धबधबा बघायला पायी गेला आणि बर्फातून पायी परत आला. जवळजवळ दोन हजार किलोमीटर. सरकारी मोहिमेबरोबर पक्षी टिपायला मला पाठवा, म्हणून त्याने राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांना अर्ज केला, त्याचं उत्तर आलंच नाही. शेवटी १८०६ मध्ये ब्रॅडफर्ड नावाच्या प्रकाशकाने त्याला एका ज्ञानकोशाच्या संपादनासाठी नोकरीवर घेतलं, वर्षाला ९०० डॉलर पगार, आणि पक्ष्यांचं पुस्तक छापायचंही कबूल केलं. पण एक अट होती. गिऱ्हाईक तू शोध.

पुस्तकाचा पूर्ण संच होता १२० डॉलरचा. म्हणजे विल्सनने स्वतः घ्यायचं म्हटलं तर दीड महिन्याहून जास्त पगार गेला असता. १८०८ च्या सप्टेंबरात पहिला खंड आला. तो काखोटीला मारून हा माणूस गावोगाव निघाला, श्रीमंतांची दारं ठोठावत. पाठीवर गाठोडं टाकून फिरायचं जुनं काम होतंच, या वेळी मालात मसलीनऐवजी पक्षी होते एवढंच. काहींनी कौतुक केलं आणि पैसे दिले नाहीत. काहींनी दारातूनच घालवलं. एवढ्या किमतीत पक्षी कोण घेणार, असं तोंडावर सांगणारेही भेटले. तरी मार्च १८०९ मध्ये सव्हाना शहर गाठेपर्यंत त्याच्या यादीत अडीचशे नावं झाली होती.

याच दक्षिणेच्या फेरीत विल्मिंग्टनची ती खोली येते.

गावापासून बारा मैलांवर विल्सनला आयव्हरी-बिल्ड वुडपेकर दिसला. हस्तिदंती चोचीचा सुतार. उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या सुतारांपैकी एक, दीड फुटाच्या वर लांब, काळा-पांढरा, नराला लाल तुरा, आणि चोच खरोखर हस्तिदंतासारखी. गोळी पंखाला नुसती चाटून गेली. जिवंत पक्षी हाताशी आला म्हणून विल्सन खूश. पण त्याला उचलताच तो असा ओरडायला लागला की हुबेहूब तान्हं मूल रडतंय. घोडा बिथरला, विल्सनचा जीव जाता जाता वाचला. मग पक्षी कापडाखाली झाकून तो गावात शिरला. रस्त्यावर रडण्याचा आवाज, लोक दारा-खिडक्यांत धावले, बायका काळजीने बघायला लागल्या. खाणावळीच्या दारात मालक आणि बाकीचे लोक जमले. विल्सनने शांतपणे विचारलं, मला आणि माझ्या बाळाला जागा मिळेल का? सगळे एकमेकांकडे बघायला लागल्यावर त्याने कापड काढलं आणि हशा पिकला.

पक्ष्याला खोलीत कोंडून तो घोड्याची व्यवस्था बघायला गेला. तासाभराच्या आत परत येऊन दार उघडतो तर पक्षी पुन्हा तसाच किंचाळला, जणू पळून जाताना पकडला गेला. खिडकीच्या बाजूने चढत चढत तो छतापर्यंत पोचला होता. पलंगावर प्लास्टरचा खच. पंधरा इंच लांब-रुंद जागेत भिंतीच्या आतल्या पट्ट्या उघड्या पडलेल्या, आणि त्यातून मूठ जाईल एवढं भोक बाहेरच्या फळ्यांपर्यंत गेलेलं. अजून तासभर मिळाला असता तर तो बाहेर पडलाच असता.

विल्सनने त्याच्या पायाला दोरी बांधून ती टेबलाला अडकवली आणि तो त्याच्यासाठी खायला काही शोधायला गेला. जिना चढताना परत ठकठक ऐकू आली. बघतो तर ज्या टेबलाला बांधलं होतं त्या महोगनीच्या टेबलाचाच त्याने चक्काचूर चालवला होता! चित्र काढताना विल्सनच्या हातावर त्याने कित्येक ठिकाणी चोचीने जखमा केल्या. तीन दिवस तो जगला आणि तीन दिवसांत एक घास घेतला नाही. त्याचा तो ताठ स्वभाव बघून, त्याला परत जंगलात सोडून द्यावं असं विल्सनच्या मनात अनेकदा आलं. पण सोडलं नाही. तो मेला तेव्हा विल्सनला वाईट वाटलं, असं त्याने लिहून ठेवलंय. मला त्याचा हा प्रामाणिकपणा आवडतो आणि राग पण येतो. सोडायचं मनात आलं होतं तर सोडायचं ना!

इथे मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. एवढ्या ठोक्यांनी सुताराचा मेंदू हलत कसा नाही, याचं उत्तर खूप वर्षं असं सांगितलं जायचं की त्याच्या कवटीत शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे. त्यावरून हेल्मेटच्या डिझाइनच्या गप्पाही झाल्या. २०२२ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी तीन जातींच्या सुतारांचे हाय-स्पीड व्हिडिओ मोजले, तर चोच आणि कवटी जवळजवळ एकाच वेळी, एकाच दराने थांबतात. म्हणजे डोकं स्प्रिंगसारखं नाही, कडक हातोड्यासारखं वागतं. विचार केला तर बरोबरच आहे. हातोड्याच्या दांड्यात रबर घालून कोण खिळा ठोकेल? धक्का शोषला तर लाकूड कसं फुटणार! मेंदू वाचतो तो मुळात खूप छोटा असतो म्हणून.

आता विल्सन या पक्ष्यांकडे बघत कसा होता ते सांगायला पाहिजे, कारण माझ्या मते त्याचं मोठेपण तिथे आहे. त्या काळात निसर्गविज्ञानात फ्रान्सच्या काउंट ब्यूफाँचा शब्द अखेरचा. ब्यूफाँने सुतार पक्ष्याला अगदी बिचारा करून टाकला होता. जन्मभर लाकूड फोडायची शिक्षा झालेला, ना विश्रांती, ना गाणं, नुसती वेठबिगारी. विल्सनने याला सरळ विरोध केला. त्याने हे पक्षी झाडावर पाठशिवणी खेळताना, ढोलीसाठी खोड निवडताना, पिल्लांना भरवताना तासन्‌तास पाहिले होते. त्याचं म्हणणं होतं की हा पक्षी कामाला जुंपलेला नाही, ते काम त्याला जमतं, त्याची चोच, जीभ, पाय, शेपटी त्याच कामासाठी घडलेली आहेत, आणि त्यात तो मजेत असतो. काउंटने वाड्यातून बघून कष्टकऱ्याची कीव करणं आणि मागावर बसलेल्याने दुसऱ्या कष्टकऱ्याकडे बघणं, यात फरक पडणारच.

शेतकऱ्यांशीही तो भांडला. सुतार झाडं मारतो, फळं खातो, म्हणून लोक त्याला दिसेल तिथे गोळी घालायचे. विल्सनने हिशोबच मांडला. साउथ कॅरोलिनात जॉर्जटाउनजवळ सुमारे दोन हजार एकर पाइनचं जंगल किड्यांनी वाळवलेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सालीखालच्या या अळ्या खाणारा एकच कामगार आहे आणि त्यालाच तुम्ही मारता, हा त्याचा मुद्दा. सफरचंदाच्या बागांमध्ये खोडावर ओळीने भोकं दिसतात, ती त्याने डाउनी या छोट्या सुताराच्या नावावर टाकली आणि त्यामुळे झाडाला फायदाच होतो असं म्हटलं. अशी सरळ रांगेतली भोकं सॅपसकर हा दुसरा सुतार पाडतो आणि त्यातून झाडाचा रस पितो, हे आज माहीत आहे. वकिलाने अशिलाचं नाव चुकवलं म्हणा, पण वकीलपत्र घेतलं होतं.

१८१० च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गला एक छोटी होडी विकत घेऊन तिला त्याने ऑर्निथॉलॉजिस्ट असं नाव दिलं आणि ओहायो नदीतून एकटा वल्हवत निघाला. बर्फाचे तुकडे तरंगताहेत, हात सोलवटलेले, तीन आठवडे. लुइव्हिलला एका दुकानात तो सबस्क्रिप्शन मागायला गेला. दुकानदार सही करणार एवढ्यात त्याच्या भागीदाराने फ्रेंचमध्ये त्याला थांबवलं की तुझी चित्रं याच्यापेक्षा चांगली आहेत. सही न करणारा तो दुकानदार म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑड्युबन! ही हकिगत ऑड्युबननेच नंतर सांगितलेली आहे. विल्सनने लुइव्हिलमध्ये एकही गिऱ्हाईक मिळालं नाही एवढंच नोंदवलं.

पुढे टेनेसीत तो ज्या झोपडीवजा खाणावळीत थांबला, तिथे काही महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १८०९ मध्ये, मेरिवेदर लुइसचा गोळी लागून मृत्यू झाला होता. पॅसिफिकपर्यंत खंड ओलांडून गेलेली लुइस आणि क्लार्कची मोहीम, तोच हा लुइस. त्याने आणलेले पक्षी चित्रांसाठी विल्सनकडेच दिले होते. वाटेच्या कडेला लुइसची नुसती माती लोटलेली कबर बघून विल्सनला भडभडून आलं. जनावरांपासून राखायला कुंपण घाला म्हणून त्याने खाणावळवाल्याला पैसे दिले. तिसऱ्या खंडात त्याने लुइसच्या त्या हिरवट काळ्या, गुलाबी पोटाच्या सुताराचं चित्र दिलं आणि त्याला लुइसचा सुतार असं नाव दिलं. इंग्रजी नाव अजून तेच आहे. मात्र विल्सनने दिलेलं शास्त्रीय नाव आधीच दुसऱ्या सुताराला दिलेलं निघाल्यामुळे बाद झालं. त्याच्या रेड-कॉकेडेड सुताराचंही तेच, एका फ्रेंच माणसाने वर्षभर आधी दुसरं नाव छापलं होतं. शास्त्रात पहिला येणारा तो पहिलाच.

विल्सनने एकूण दहा जातींचे सुतार पक्षी चितारले. जगात आज सव्वादोनशेहून जास्त जाती मोजतात. अंगठ्याएवढ्या पिक्युलेटपासून हिमालयाच्या पायथ्याला आणि आग्नेय आशियात राहणाऱ्या, अर्धा मीटर लांब, पाटीच्या रंगाच्या ग्रेट स्लेटी सुतारापर्यंत. दक्षिण आफ्रिकेतला ग्राउंड वुडपेकर झाड नसलेल्या डोंगरउतारावर राहतो आणि मातीत बीळ करतो. कॅलिफोर्नियाकडचा एकॉर्न सुतार एकेका खोडात हजारो भोकं पाडून त्यात ओकची फळं ठोकून ठेवतो, अगदी आपल्या स्टोअर रूमसारखं. आपल्या सह्याद्रीत मिळणारा तांबूस सुतार झाडावरच्या मुंग्यांच्या वारुळातच घरटं करतो. आणि ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, मादागास्कर इथे सुतार मुळीच नाहीत. गंमत म्हणजे विल्सन शाळेत शिकवत होता त्याच सुमारास, १८०१ मध्ये, भारतात कधीही न आलेल्या लॅथम नावाच्या इंग्रज डॉक्टरने एका पिवळ्या माथ्याच्या छोट्या सुताराला मराठ्यांच्या मुलखावरून शास्त्रीय नाव दिलं, माहरॅटेन्सिस. ते नाव मात्र टिकलंय. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तो मराठा वुडपेकर म्हणूनच येतो.

फिरण्याची वर्षं संपल्यावर विल्सन रंगवण्यात अडकला. प्लेटा छापून झाल्या की प्रत्येक प्रत हाताने रंगवायला लागायची, रंगारी सोडून गेले, तेव्हा तो स्वतः बसला. पुन्हा बंद खोली आणि वाकलेली पाठ. १८१३ च्या ऑगस्टमध्ये त्याला आमांश झाला आणि २३ तारखेला तो गेला. वय ४७. आठवा खंड छपाईत होता, नववा त्याचा मित्र जॉर्ज ऑर्ड याने पूर्ण केला. २६८ जातींची चित्रं झाली होती. फिलाडेल्फियाच्या ग्लोरिया डेई चर्चच्या आवारात त्याला पुरलं.

त्याने पाहिलेल्या पक्ष्यांपैकी प्रवासी कबुतर १९१४ मध्ये संपलं. त्याने त्यांचा एकच थवा दोन अब्जांच्या वर मोजला होता. खिशात घालून फिरवलेला कॅरोलिना पोपट १९१८ मध्ये संपला. हस्तिदंती चोचीचा सुतार सर्वांनी मान्य केलेला असा शेवटचा १९४४ मध्ये लुइझियानात दिसला, तेही आजूबाजूचं जंगल तोडून झाल्यावर. २००५ मध्ये तो अर्कान्सामध्ये सापडल्याची बातमी जगभर झाली, पण सगळ्यांना पटेल असा पुरावा आला नाही. २०२१ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला नामशेष म्हणायचा प्रस्ताव मांडला, २०२३ मध्ये बाकीच्या २१ जातींची नावं काढली तेव्हा याचं काढलं नाही.

रेड-कॉकेडेड सुताराचं मात्र थोडं बरं चाललंय. कॉकेड म्हणजे त्या काळी टोपीला लावायची फीत, नराच्या डोक्याशेजारच्या बारीक लाल रेषेवरून विल्सनने दिलेलं हे नाव. हा पक्षी जिवंत पाइनच्या खोडातच ढोली करतो आणि एक ढोली पूर्ण व्हायला त्याला कित्येक वर्षं लागतात. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने फ्रान्सिस मॅरियन जंगलातली अशी झाडं एका रात्रीत आडवी केली. विल्सन जॉर्जटाउनहून चार्ल्स्टनला घोड्यावरून गेला त्याच पट्ट्यातलं हे जंगल. तेव्हा वनखात्याच्या माणसांनी शिड्या लावून, करवतीने उरलेल्या पाइनच्या खोडांत चौकोनी खाचा पाडल्या, त्यात तयार ढोलीचे लाकडी ठोकळे बसवले आणि फटी लिंपून घेतल्या. पक्षी त्यात राहायला आले. २०२४ मध्ये त्यांना अतिधोक्याच्या यादीतून एक पायरी खाली आणलं.